आठ आणे आणि लंडनचं बक्षीस

दरवर्षी जानेवारीत फोनवर बातमी येते, टी. एस. एलियट प्राइझ यंदा कुणाला मिळालं त्याची. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये वर्षभरात इंग्रजीत छापून आलेल्या कवितासंग्रहांतला एक निवडायचा आणि त्याच्या कवीला २५ हजार पौंड द्यायचे, असा तो मामला. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. कवितेशी माझा पोटापाण्याचा काही संबंध नाही. तरी यादी दिसली की ती खाली सरकवत आपलं कुणी आहे का ते बघायची मला खोड आहे. तालुक्याच्या पेपरात दहावीच्या निकालात आपल्या शाळेचं नाव शोधावं, तशी.

यादी १९९३ पासूनची आहे. टेड ह्यूज आहे, शेमस हीनी आहे, डेरेक वॉलकॉट आहे. २०१७ चा ओशन वुओंग आहे, त्याच्या ओळी तुम्ही इन्स्टावर पाहिल्याच असतील. २०२० च्या बक्षिसाच्या भानू कपिल आहेत, पंजाबी मुळाच्या. २०१४ च्या अंतिम दहांत मुंबईच्या अरुंधती सुब्रमण्यम होत्या. मराठी नाव मात्र नाही.

मराठी नाव हवं असेल तर आणखी मागं जावं लागतं, आणि बक्षीसही बदलावं लागतं. १९७२ पासून लंडनहून कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ दिलं जायचं. ब्रिटनबाहेरच्या कॉमनवेल्थ देशांतल्या कवीचं इंग्रजीतलं पहिलं पुस्तक, अशी त्याची मूळ अट. पहिल्याच वर्षी ते चिनुआ अचेबे आणि जॉर्ज मॅकव्हर्टर यांना विभागून मिळालं. अचेबेंचा संग्रह बियाफ्राच्या यादवी युद्धातून आलेला. १९७७ साली ते गेलं अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ला. जेजुरी म्हणजे आपली, खंडोबाची.

‘आपली’ म्हणताना मला थोडं थांबावं लागतं. आमचा खंडोबा जेजुरीचा नाही. मी अणदूरचा. तुळजापूर तालुका, धाराशिव जिल्हा, सोलापूर-हैदराबाद हायवेला लागून. शेजारी नळदुर्ग. या दोन गावांत खंडोबाची देवळं दोन आहेत, पण देव एकच. वर्षातले दहा महिने तो अणदूरला असतो, आणि थंडीतले दोनेक महिने नळदुर्गला मैलारपूरच्या देवळात. पौष पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते. देव नेताना दोन्हीकडचे मानकरी बसून लेखी करार करतात: कधी न्यायचा, कधी परत आणायचा. माझं आजोळ नळदुर्गचं. त्यामुळं देव माझ्या आईसारखाच वर्षातून एकदा माहेरी जातो, अशी लहानपणी माझी समजूत होती. खरं सांगायचं तर ती अजूनही पूर्ण गेलेली नाही.

इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा मी यातलं काहीच कुणाला सांगत नसे. होस्टेलवर कुलदैवताचा विषय निघाला की मी गप्प. घरी जागरण-गोंधळ होतो, वाघ्या येतो, लंगर तोडतात, भंडारा उधळतात, हे सांगितलं तर आपण कोण ठरू याची धास्ती असायची. आणि मग तिसऱ्या वर्षाला अप्पा बळवंत चौकात ‘जेजुरी’ हाती पडलं. न्यूयॉर्कमध्ये छापलेली २००५ ची आवृत्ती, अमित चौधुरींच्या प्रस्तावनेची. माझी पहिली प्रतिक्रिया कवितेबद्दलची नव्हती. खंडोबाला लंडनचं बक्षीस मिळालंय आणि तो न्यूयॉर्कमध्ये छापला गेलाय, म्हणजे आता सांगायला हरकत नाही, असं मला वाटलं. त्या वाटण्याची लाज मला नंतर वाटली. पण बक्षिसं हे काम करतातच, आणि हा लेख त्याच्याबद्दलच आहे.

आधी पुस्तक. कोलटकर मूळचे कोल्हापूरचे, शिक्षण चित्रकलेचं, नोकरी मुंबईत जाहिरात क्षेत्रात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाऊ मकरंद आणि लेखक-मित्र मनोहर ओक यांच्याबरोबर जेजुरीला गेले. कविता १९७४ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात आल्या, आणि १९७६ मध्ये पुस्तक झालं. ते काढलं ‘क्लिअरिंग हाउस’नं. आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि स्वतः कोलटकर, अशा चार कवींनी आपली पुस्तकं आपणच छापायची म्हणून काढलेली ही प्रकाशनसंस्था. मागं कुठली मोठी कंपनी नाही. आज आपण ज्याला सेल्फ-पब्लिश म्हणतो, साधारण त्या जातीचं पुस्तक.

गोष्ट म्हणाल तर एवढीच: एक माणूस एसटीनं जेजुरीला येतो, दिवसभर देवळं बघत हिंडतो आणि संध्याकाळी रेल्वे स्टेशनवर अडकतो. मधल्या तीसेक कवितांमध्ये पडकं देऊळ आहे, त्यात पिल्लं घातलेली कुत्री आहे. देऊळ समजून दार उघडावं तर आत वासरू उभं आहे. एकाच बिजागरीवर लटकलेलं जुनं दार आहे. पेशव्यांनी बांधलेला कोरडा तलाव आहे. ती तलावाची कविता इतकी छोटी आहे की पुण्यामुंबईचा वाचक हसून पान उलटतो. टँकरची वाट बघत वाढलेला मराठवाड्यातला माणूस तिथं थोडा जास्त वेळ थांबतो.

या पुस्तकावरचा सगळ्यात गाजलेला आक्षेप भालचंद्र नेमाडे यांचा आहे. भारतीयांनी इंग्रजीत लिहिण्याविरुद्ध त्यांनी १९८० च्या दशकात जे मांडलं, त्यात कोलटकरांवर ठपका असा होता की हा कवी जेजुरीला मुंबईहून शनिवार-रविवारची सहल काढल्यासारखा येऊन जातो. लाखो लोकांच्या श्रद्धेशी त्याचं देणंघेणं नाही, नजर पर्यटकाची. नेमाडे स्वतः आयुष्यभर इंग्रजीचे प्राध्यापक, लंडनमध्येही शिकवून आलेले. त्यामुळं हा आक्षेप इंग्रजी न कळणाऱ्याचा नाही, इंग्रजी पुरती कळलेल्याचा आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा वाटलं, हे माझ्याबद्दल आहे. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून बस पकडायची, शनिवारी देवाला जायचं, दोन फोटो टाकायचे, रविवारी रात्री परत. मी तरी दुसरा कोण आहे?

या आक्षेपाचं काय करायचं हे मला कुठल्या समीक्षेच्या पुस्तकातून कळलं नाही. ते आईमुळं कळलं.

एका पौषात यात्रेला आम्ही सगळे नळदुर्गला मामाकडं होतो. आई ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मी बाजूला पुस्तक घेऊन.

“काय वाचायलास?”

“खंडोबाच्या कविता.”

“बघू.” तिनं पान हातात घेतलं, परत दिलं. “आपल्या देवाच्या कविता, अन् इंग्रजीत कामून?”

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, सांगतो तुला एक. आणि ‘ॲन ओल्ड वुमन’ नावाची कविता तोंडी मराठीत सांगायला लागलो. एक म्हातारी परक्या माणसाची बाही धरून मागं लागते. आठ आणे दे, घोड्याच्या टापेचं देऊळ दाखवते, म्हणते. त्यानं ते आधीच पाहिलेलं असतं. तो झटकतो, ती सोडत नाही.

दुसऱ्याच वाक्याला मी अडकलो. इंग्रजीत कोलटकर त्या माणसाला ‘यू’ म्हणतात. मराठीत काय म्हणू? ‘तू’ म्हटलं तर कुणीतरी त्याला दटावतंय असं होतं. ‘तुम्ही’ म्हटलं तर सरकारी पत्रकासारखं. मग आपोआप ‘आपण’ तोंडात आलं. आपण चाललोय, म्हातारी आपली बाही धरते. आणि ‘आपण’ म्हटल्याबरोबर आईही त्या टेकडीवर आली. इंग्रजीतला ‘यू’ हा मुंबईचा एकटा माणूस होता, स्वतःशीच बोलणारा. मराठीतल्या ‘आपण’मध्ये ऐकणाऱ्यालाही धरूनच चालावं लागतं. आणि ती म्हातारी त्याला काय म्हणाली असेल? ‘तू’च. ‘बाबा’, ‘लेकरा’ असलंही काही. तिच्या तोंडी दुसरं काही शोभलंच नसतं. इंग्रजीत दोघंही एकमेकांना एकाच सर्वनामात बघतात. तिथं जी बरोबरी दिसते, ती काही अंशी भाषेनं फुकटात दिलेली आहे.

कविता पुढं अशी जाते: तो वैतागून वळतो, एकदाचं संपवून टाकू म्हणून. ती एक साधा प्रश्न विचारते, की असल्या उजाड टेकड्यांवर म्हाताऱ्या बाईनं दुसरं करावं तरी काय? तो तिच्याकडं बघतो, आणि तिच्या चेहऱ्यावरच्या रेघा पसरत पसरत सगळ्या मुलखाला भेगा पडतात. म्हातारी तेवढी शाबूत. आणि माणूस? तो तिच्या मुठीतल्या चिल्लरीएवढा होऊन जातो.

आई हरभरा सोलत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “मग, दिले का?”

“काय?”

“आठ आणे.”

मी पुस्तक उघडून पुन्हा पाहिलं. कविता मला पाठ होती, तरी पाहिलं. त्यात त्यानं पैसे दिल्याचं कुठंच नाही. दिले नाहीत असंही नाही. वर्गात, लेखांत, यूट्यूबवर या कवितेबद्दल मी जे काही ऐकलं होतं ते सगळं शेवटच्या त्या प्रतिमेबद्दल होतं. म्हातारीचे पैसे राहून गेलेत, याकडं कुणाचं लक्ष गेलेलं मला आठवत नाही. माझंही नव्हतं. आई चौथी शिकलेली आहे, पण बाजारात तिला कुणी फसवू शकत नाही.

त्या रात्री मी सगळं पुस्तक पैशाच्या अंगानं वाचून काढलं, आणि ते वेगळंच दिसायला लागलं. पुजारी बसची वाट बघतोय, ती यात्रेकरूंच्या नैवेद्याचा अंदाज बांधत. मुरळीच्या गाण्यात बाई आपल्या अंगावरची देवाची खूण दाखवून पुरुषाला धुडकावते, आणि मग आधी पैसे किती ते बघते. पुजाऱ्याचा पोरगा टेकड्यांच्या गोष्टी सांगतो. या सगळ्यावर तुझा स्वतःचा विश्वास आहे का, असं विचारल्यावर तो नजर चुकवतो आणि एका फुलपाखराकडं बोट दाखवतो. हा पोरगाही गाइडच आहे, त्याचंही ते काम आहे. जवळजवळ प्रत्येक वळणावर कुणीतरी काहीतरी विकतंय आणि हिंडणारा माणूस ते घेऊ की नको या हिशोबात आहे.

म्हणजे नेमाडे म्हणतात ते बरोबर आहे. तो पर्यटकच आहे. पण हे कोलटकरांच्या नकळत घडलेलं नाही, ते त्यांनी मुद्दाम पुस्तकात ठेवलंय. बसमधून उतरण्यापासून स्टेशनवर गाडीची वाट बघण्यापर्यंत हा माणूस बाहेरचा आहे, आणि त्याच्या बाहेरचं असण्याची किंमत प्रत्येक कवितेत कुणीतरी त्याला सांगतंय. म्हातारी तर थेट आकडाच सांगते. आत असल्याचं सोंग कोलटकरांनी एकदाही आणलेलं नाही. भक्त असल्याचं सोंग आणून लिहिलेल्या जेजुरीच्या कविता कशा झाल्या असत्या, याची कल्पना मला आमच्याकडच्या यात्रेच्या फ्लेक्सवरून करता येते.

आणि पर्यटक म्हणावा तर तो बघतो मात्र नीट. परतीच्या वाटेवर त्याला ज्वारीच्या रानात कोंबड्या-कोंबडे उड्या मारताना दिसतात. तिथं कोलटकरांनी अक्षरंच पानभर वरखाली उडवून दिली आहेत. आईला ते पान दाखवलं, कारण ते दाखवता येण्यासारखं होतं. तिनं पान बघितलं, मी सांगितलं ते ऐकलं आणि म्हणाली, “मारतात की उड्या. कणसाला पोचायला.” मग जरा थांबून, “हाकललं नाही कुणी? रान कुणाचं होतं?” समीक्षक ज्याला या पुस्तकातला साक्षात्काराचा क्षण म्हणतात, तो आमच्या घरात नुकसानीचा पंचनामा झाला. पण निरीक्षण पास झालं, हेही खरं.

एका ठिकाणी मात्र मी नेमाड्यांच्या बाजूला जातो. मुरळी. कविता म्हणून ती लखलखीत आहे, तिच्यात बाईची जरब आहे. पण मुरळी म्हणजे लहानपणी देवाला वाहिलेली मुलगी. ही प्रथा रोखायला १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा करावा लागला आणि २००५ मध्ये महाराष्ट्राला पुन्हा. पुस्तकात टीप नाही, खुलासा नाही. मराठी वाचकाला तो लागत नाही, कारण शब्दच त्याला सगळं सांगतो. लंडनमधल्या परीक्षकाला तिथं चंद्र, डोंगर आणि एक फटकळ बाई दिसली असेल. टीप दिली असती तर कविता मेली असती, हे मला कळतं. पण तीच कविता एका भाषेत अंगावर येते आणि दुसऱ्या भाषेत नुसती सुंदर दिसते, तेव्हा बक्षीस नेमकं कशाला मिळालं, हा प्रश्न उरतो.

आता बक्षिसाकडं परत. १९७७ हे साल नीट बघा. ज्या वर्षी ‘जेजुरी’ला लंडनचं बक्षीस मिळालं, त्याच वर्षी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा त्यांचा पहिला मराठी संग्रह आला, अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाकडून. कवी एकच, वर्ष एकच. त्या मराठी पुस्तकातली भाषा मुंबईच्या रस्त्यावरची, मोडलेली, शिवराळ, संतांच्या ओळी पचवून बसलेली. माझ्या मते त्यात ‘जेजुरी’पेक्षा जास्त जोखीम आहे. पण ते पुस्तक कॉमनवेल्थच्या टेबलावर जाऊच शकत नव्हतं. अट इंग्रजीची. बक्षीस भेदभाव करत होतं असं मी म्हणत नाही, ते आपल्या नियमानं चाललं होतं. त्या नियमाची शिकार आपण झालो. पुढं कित्येक वर्षं कोलटकर म्हणजे ‘जेजुरी’, असं समीकरण होऊन बसलं. इंग्रजी विभागात ते अभ्यासक्रमात, आणि मराठीतले कोलटकर मोजक्या लोकांच्या कपाटात. त्यांनीही घाई केली नाही. पुढची मराठी पुस्तकं, ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’, थेट २००३ मध्ये आली. सप्टेंबर २००४ मध्ये ते गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. आणि मराठी ‘जेजुरी’ पुस्तक म्हणून आली तीही मरणोत्तर.

कादंबरी-कथेच्या बाबतीत हे थोडं बदललंय. इंटरनॅशनल बुकर आता भाषांतराला मिळतं आणि ५० हजार पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. २०२५ मध्ये ते कन्नडमधून आलेल्या ‘हार्ट लॅम्प’ला मिळालं, म्हणजे बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती या दोघींना. आमच्या गावाहून कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळं तो आनंद मला घरचाच वाटला. एकाच पुस्तकाची दोन घरं मान्य करणारं हे बक्षीस आहे. कोलटकरांना अनुवादक लागलाच नाही, दोन्हीकडं तेच. त्यांची मराठी ‘जेजुरी’ इंग्रजीचा अनुवाद की इंग्रजी मराठीचा, यावर लोक वाद घालतात. अणदूरला जाऊन विचारा, देव मूळचा कुठला आणि नळदुर्गला असतो तो कोण. दोन्हीकडचे लोक आपापला हक्क सांगतील, भांडतीलही. पण नळदुर्गचा देव अणदूरच्या देवाची नक्कल आहे, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

माझ्या बाबतीत मात्र तो करार एकतर्फीच राहिला. मी कोलटकरांकडं इंग्रजीतून आलो, बक्षिसाचा शिक्का बघून आलो. माझ्याच देवाबद्दलचं पुस्तक मला न्यूयॉर्कहून यावं लागलं. आणि आईला सांगताना मी त्यांची नाही, माझी मोडकीतोडकी मराठी वापरली, कारण त्यांची मराठी ‘जेजुरी’ मी तोवर उघडलीच नव्हती. इंग्रजीतलं वाचलंय ना, मग झालं, असं मला वाटत होतं.

हे मी आईला परवा फोनवर सांगितलं. की अगं, त्या माणसानं हे मराठीतसुद्धा लिहिलेलं आहे.

“मग तू मला कुणाचं सांगितलंस?”

“माझं. मनानं.”

“तरीच,” ती म्हणाली. “यात्रेला येताना त्यांचं घेऊन ये. अन् बघ त्यात, आठ आणे दिलेत का.”